उभ्या क्रेनचं भाडं

पवनऊर्जा प्रकल्पाला परदेशी बँक कर्ज देते तेव्हा करारात लाचखोरीवर चांगली पाच-सात पानं असतात. कर्जदाराने लाच दिलेली नाही, देणार नाही, त्याच्या संचालकांनी आणि नोकरांनीही दिलेली नाही, अशी हमी. ती मोडली तर पुढचा हप्ता बंद आणि आधीचं कर्जही ताबडतोब परत मागायचा हक्क. लंडनच्या नाहीतर सिंगापूरच्या वकिलांनी घासूनपुसून लिहिलेली पानं. त्याच फाइलमध्ये खर्चाच्या तक्त्यात एक ओळ असते: ‘जमीन, राइट ऑफ वे व लायझनिंग – एकरकमी’. या ओळीवर कोणी पाच-सात पानं लिहीत नाही.

मी बडोद्याची, शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर, आणि काम लेंडर्स इंजिनिअरचं. बँकेचा पैसा खरोखर पायात, टॉवरमध्ये आणि तारांमध्ये जातोय का, हे बघून मी अहवाल द्यायचा. माझी फी कर्जदार भरतो आणि अहवाल बँकेकडे जातो. या व्यवस्थेवर आमच्या धंद्यात कोणी हसत नाही, म्हणून मीही हसत नाही.

या कामाला बडोद्यासारखं गाव नाही. रेसकोर्सवर सरदार पटेल विद्युत भवनात गुजरात ऊर्जा विकास निगमचं मुख्यालय आहे. राज्याच्या वीजखरेदीचे करार तिथून होतात. हलोलकडे, पादऱ्याकडे पवनचक्कीच्या सामानाचे कारखाने. पातं घेऊन निघालेला ट्रेलर हायवेवर दिसला की बाहेरगावचे पाहुणे मोबाइल काढतात. आम्ही फक्त तो पुढच्या वळणावर कसा वळणार याचा हिशेब करतो.

आता तो वळणाचाच मुद्दा घेऊ, कारण पैसा तिथे अडतो. कोळशाचं वीजकेंद्र एका जागी बसतं. पवनचक्क्या वाऱ्याच्या मागे जातात. शंभर मेगावॉटच्या प्रकल्पाला आजच्या मशीनने तीसएक चक्क्या लागतात आणि त्या दहा-पंधरा गावांच्या शिवारांत विखुरतात. प्रत्येकीला हेक्टरभर जागा, तिथपर्यंत रस्ता, तिथून सबस्टेशनपर्यंत तार. साठ-सत्तर मीटरचं पातं गावच्या वळणावर वळायचं तर कोपऱ्यावरचा बांध, कधी कोणाचा गोठा, कधी विजेचा खांब तात्पुरता हलवावा लागतो. म्हणजे कंपनीने एकोणतीस जागा सरळ मार्गाने घेतल्या आणि तिसाव्या वाटेवर एक माणूस खाट टाकून बसला, तरी काम बंद. तो खरा नाडलेला शेतकरी असेल, किंवा त्याला कोणीतरी बसवलेलं असेल. साइटवरच्या इंजिनिअरला दोन्ही सारखेच दिसतात, आणि मला वाटतं यातच शेतकऱ्यावर सगळ्यात मोठा अन्याय होतो. त्याची रास्त तक्रारही ‘उपद्रव’ या रकान्यात जाते.

काम बंद पडलं की मोठी क्रेन उभी राहते. तिचं दिवसाचं भाडं लाखांत. पण क्रेन हा किरकोळ खर्च. समजा प्रकल्प आठशे कोटींचा, त्यात सहाशे कोटी कर्ज, व्याज नऊ टक्के. कर्ज जवळजवळ पूर्ण उचललं गेलं असेल तर व्याज दिवसाला पंधरा लाखांच्या घरात जातं. शिवाय वीजखरेदी करारात चालू करायची तारीख ठरलेली असते. ती चुकली की दंड. 2017 च्या फेब्रुवारीत देशातल्या पवनऊर्जेच्या पहिल्या लिलावात युनिटचा दर 3.46 रुपये निघाला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बडोद्याच्या निगमच्या लिलावात तो 2.43 वर आला. ग्राहक म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. पण या दरात उशीर सोसायला जागा उरली नाही, आणि ही गोष्ट वाटेवर खाट टाकणाऱ्याला आमच्याइतकीच कळते.

बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचं नाव महाराष्ट्रात आता कोणाला सांगावं लागत नाही. केज तालुक्यातल्या या गावाचे सरपंच संतोष देशमुख यांचं 9 डिसेंबर 2024 रोजी अपहरण झालं आणि हालहाल करून खून झाला. तीन दिवस आधी आवादा कंपनीच्या पवनऊर्जा प्रकल्पाच्या आवारात रखवालदाराला मारहाण झाली होती, आणि देशमुख मध्ये पडले होते. तपास यंत्रणेच्या आरोपपत्रानुसार या सगळ्याच्या मुळाशी कंपनीकडे मागितलेली दोन कोटींची खंडणी होती. 4 मार्च 2025 ला मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. मुख्य आरोपी त्यांच्या जवळचा मानला जात होता. राजकारण, जात, गुंडगिरी यांवर भरपूर लिहून झालं आहे. मी फक्त आकड्याकडे बघते. माझ्या वरच्या काल्पनिक प्रकल्पात दोन कोटी म्हणजे तेरा-चौदा दिवसांचं व्याज. खंडणीचा आकडा हवेतून येत नाही. काम किती दिवस अडवता येईल, यावर भाव ठरतो.

याच आवादा एनर्जीत 2019 मध्ये आशियाई विकास बँक, जर्मनीची डीईजी आणि नेदरलँड्सची एफएमओ यांनी भांडवल घातलं होतं. बीडच्या त्या प्रकल्पात कोणाचा किती पैसा, यावर मी इथे बोलत नाही, आणि या प्रकरणात खंडणी कंपनीकडेच मागितली गेली होती. पण विकास बँकांचे नियम डोळ्यांसमोर ठेवून हे वाचा. त्या नियमांत लाच देणारा कर्जदार आहे, लाच घेणारा अधिकारी आहे. रखवालदार नाही, सरपंच नाही, वळणावर गाड्या अडवणारी पोरं नाहीत.

नियम कच्चे आहेत असं मात्र कोणी समजू नये. एप्रिल 2010 पासून जागतिक बँक, आशियाई, आफ्रिकी, युरोपीय पुनर्रचना आणि आंतर-अमेरिकी विकास बँक यांच्यात करार आहे: एकीने एखाद्या कंपनीवर ठरावीक मुदतीपेक्षा मोठी बंदी घातली की बाकीच्यांचीही दारं बंद. कंत्राटदार पोलिसांपेक्षा या यादीला जास्त घाबरतात. आपल्याकडेही 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हा सरळ गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका. सात दिवसांत पोलीस ठाण्यात जाऊन हे सांगणारा साइट मॅनेजर मी अजून पाहिलेला नाही. त्याला आठव्या दिवशीही त्याच तालुक्यात राहायचं असतं.

म्हणून मग ती एकरकमी ओळ. आपल्याकडे बरीच वर्षं चक्की बनवणारी कंपनीच जमीन, रस्ता, परवानग्या, तार असं सगळं तयार करून गुंतवणूकदाराला देत आली. ती हे काम जिल्ह्यातल्या एका ठेकेदाराला देते, तो तालुक्यातल्या एजंटला, एजंट गावातल्या ‘आपल्या माणसाला’. बँकेला दिलेली हमी पहिल्या पायरीवरच्या माणसाने सही केलेली. नोटा चौथ्या पायरीवर हातातून हातात जातात. एकदा मी अशा एकरकमी बिलाचे तपशील मागितले. तीन आठवड्यांनी दोन पानं आली: मजुरी, वाहतूक, चहापाणी, ‘इतर’. ‘इतर’ बाकीच्या तिन्हींच्या बेरजेपेक्षा मोठं. मी ते अहवालात लिहिलं. पुढच्या मसुद्यात ‘इतर’ची फोड आली होती, नीट, छापील, जीएसटीसकट. कागद सुधारला. गावात काय बदललं ते कळायला मार्ग नव्हता.

परदेशी बँकांनी बाहेर खाल्लेले फटकेही असेच जमिनीवरचे. इटलीत कालाब्रिया प्रांतात इझोला दि कापो रिझ्झुतोची पवनचक्क्यांची शेती 2012 मध्ये पोलिसांनी माफियाशी संबंधाच्या संशयावरून जप्त केली. कर्ज होतं हॅम्बुर्गच्या एचएसएच नॉर्डबँकेचं. केनियात तुर्काना सरोवराजवळ 365 चक्क्यांचा, 310 मेगावॉटचा प्रकल्प आफ्रिकी विकास बँक आणि युरोपीय गुंतवणूक बँकेच्या पैशाने उभा राहिला. जागतिक बँक 2012 मध्येच बाहेर पडली होती, न वापरलेल्या विजेचेही पैसे केनियाला भरावे लागतील म्हणून. चक्क्या 2017 ला तयार, वीजवाहिनी पुढच्या वर्षी; मधल्या काळाचा भुर्दंड सरकारवर. आणि ऑक्टोबर 2021 मध्ये मेरूच्या न्यायालयाने ठरवलं की दीड लाख एकरांचे जमिनीचे दस्तच बेकायदा आहेत. एवढ्या बँकांच्या एवढ्या वकिलांनी ते दस्त वाचले होते.

परदेशी बँक म्हणजे नेहमी गोरी बँक, असंही नाही. मुंबईच्या आयडीबीआय बँकेने 2010 मध्ये शिवा समूहाच्या, फिनलंडमधल्या विन विंड या पवनचक्की कंपनीला 322 कोटींचं कर्ज दिलं; ते बुडीत गेलं. 2014 मध्ये त्याच समूहाच्या दुसऱ्या परदेशी कंपनीला 523 कोटी दिले गेले, आणि त्यातून जुनी कर्जं फेडली असा सीबीआयचा आरोप आहे. 2018 मध्ये गुन्हा दाखल झाला, बँकेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसह. तिथे आपणच परदेशी होतो.

वरच्या मजल्यावरचे आरोपही आहेतच. नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी अदानी समूहातल्या व्यक्तींवर सौरऊर्जेच्या वीजविक्रीसाठी भारतात सुमारे 2,029 कोटींची लाच देऊ केल्याचा आणि ते लपवून परदेशी पैसा उभारल्याचा आरोप ठेवला. समूहाने तो फेटाळला. त्याच आरोपपत्रात कॅनडाच्या एका पेन्शन फंडाचे काही माजी अधिकारीही आहेत, म्हणजे पैसे पुरवणाऱ्या बाजूचे. अशा बातम्या आल्या की दोन आठवडे सगळ्या बँकांच्या प्रश्नावल्या लांबतात. लांबलेली प्रश्नावली शेवटी भरतो तो साइटवरचा सगळ्यात नवा इंजिनिअर, रात्री गेस्ट हाऊसमध्ये बसून.

बँकांकडे मी हल्ली दोन गोष्टींसाठी हट्ट धरते. पहिली, प्रकल्पाच्या वेळापत्रकात जमिनीसाठी खरा वेळ धरा आणि त्या वेळेच्या व्याजाची तरतूद कर्जातच करा. साइटवर घाई नसेल तर खाट टाकून बसण्याला भाव येत नाही, आणि शेतकऱ्याशी बोलायला माणसाला सवड मिळते. दुसरी, हप्ता सोडण्याआधी प्रत्येक खातेदाराला मिळालेली रक्कम त्याच्याकडूनच तपासा, बँक खात्यातल्या नोंदीवरून, एजंटच्या यादीवरून नव्हे. सातबारा गुजरातेतही सातबाराच आहे. नाव, गट, क्षेत्र सगळं त्यात आहे, घरोघर जायला फक्त माणूस पाठवावा लागतो. दुसरी सूचना सगळ्यांना आवडते, कारण तिचा खर्च कर्जदारावर पडतो. पहिलीवर क्रेडिट कमिटीचं उत्तर ठरलेलं: वेळ वाढवला तर प्रकल्पाचा परतावा बसत नाही. गेल्या वेळी मी विचारलं, मग लायझनिंगच्या ओळीत बसतो का? व्हिडिओ कॉलवर पलीकडून सांगण्यात आलं की हा प्रश्न माझ्या कामाच्या व्याप्तीत येत नाही. ते खरंही होतं, व्याप्ती त्यांनीच लिहिलेली आहे.