अर्धा वेळ वाट पाहण्यात

भोसरीत माझी टूलरूम आहे; आम्ही प्लास्टिकच्या भागांचे इंजेक्शन मोल्ड बनवतो. एका हाउसिंगच्या मोल्डला मी अकरा आठवडे मागितले, चीनमधल्या कारखान्याने पाच सांगितले. ऑर्डर तिकडे गेली. ‘सरकारी पैशावर स्वस्त विकतात’ हे आमच्या धंद्यातलं ठरलेलं वाक्य. त्यात किती तथ्य आहे ते बघायला मी झेजियांग प्रांतातल्या ह्वांगयानला गेलो.

ह्वांगयान हे मोल्डचंच गाव. स्टील कापणारा, हीट ट्रीटमेंटवाला, टेक्श्चर करणारा, सगळे हाकेच्या अंतरावर. कॅव्हिटीचं डिझाइन पुरतं ठरायच्या आत मोल्ड बेस मशीनवर चढलेला असतो आणि इलेक्ट्रोडचं काम शेजारी सुरू असतं. ड्रॉइंगवरच्या शंकेला गिऱ्हाइकाचं उत्तर आणि मंजुरीची सही त्याच रात्री येते. माझ्याकडे त्याच सहीसाठी पंधरवडा जातो! माझ्या अकरा आठवड्यांतला जवळपास निम्मा वेळ असा वाट पाहण्यात जातो. हा वेग त्यांनी कष्टाने कमावला आहे, त्याला अन्याय म्हणता येणार नाही.

अन्याय आहे तो दुसरीकडे. चीनच्या कायद्यात ओव्हरटाइम महिन्याला 36 तासांपेक्षा जास्त नसावा असं लिहिलंय. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस ही पद्धत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बेकायदा ठरवली. तरी सकाळी पाहिलेली पोरं मला रात्री उशिरा त्याच स्पार्किंग मशीनपाशी उभी दिसली. माझ्या माणसांकडून मला तो वेग नको.

स्वस्तात येणाऱ्या परदेशी मालाविरुद्ध दाद मागायची तर आपल्याकडे अँटी-डम्पिंगची चौकशी आहे. तिला साधारण 12 महिने, मुदत वाढली तर 18. शिवाय ती ठरावीक मालासाठी. माझा प्रत्येक मोल्ड वेगळा.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते इथलंच. तिकडच्या कारखान्याला ऑर्डरबरोबर निम्मे पैसे आगाऊ जातात. लघुउद्योगाचं बिल 45 दिवसांच्या आत भागवायचं हा 2006 चा कायदा असूनही माझे पैसे चार-चार महिने अडकतात. त्या पैशांत स्टील आधी घेऊन ठेवता आलं असतं.

खरेदी विभागातल्या मंडळींना माझी विनंती आहे : चीनचा भाव समोर ठेवता, तशी सहीही त्याच वेगाने द्या आणि पैसे कायद्याप्रमाणे वेळेवर द्या. मग सात आठवड्यांत मोल्ड मागा, आम्ही देऊ.