ताण आणि साठा

संत्र्याचा ताण कधी तोडायचा, हे मला अजूनही दरवर्षी नव्यानं ठरवावं लागतं. कयाधूकाठची आमची भारी काळी जमीन ओल सोडत नाही. बहरासाठी दीड-दोन महिने पाणी तोडून ताण दिला तरी एक झाड पिवळं पडतं, शेजारचं हिरवंगार राहतं. पानं मलूल होऊन चतुर्थांश गळाली की आंबवणीचं पहिलं हलकं पाणी, मग चिंबवणीचं दुसरं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण सारखीच पानगळ झालेल्या दोन झाडांतलं एक कळ्यांनी लगडतं आणि दुसरं नुसती नवती फेकतं. असं का, या प्रश्नानं मला कधी सोडलं नाही.

सेनगावपासून कळमनुरीपर्यंत लोक मला ताण बघायला नेत. पान चुरगाळून मी तारीख सांगायचो. तो मान मला हवासा वाटायचा, आजही वाटतो. म्हणून पुतण्या परभणीहून कृषीचं शिकून आला आणि म्हणाला, "काका, पान राहू द्या, काडी बघा," तेव्हा ते मनाला लागलं.

त्यानं डिसेंबरात पेन्सिलीएवढ्या काडीचे आडवे काप घेतले आणि त्यांवर टिंक्चर आयोडीनचा थेंब सोडला. फळं लवकर उतरवलेल्या झाडाच्या कापावर गाभ्यापासून सालीकडे निळ्या-काळ्या रेघा उमटल्या. फळं लटकत राहिलेल्या झाडाचा काप आयोडीनसारखाच तपकिरी राहिला. निळं दिसेल तेवढं पिष्ट.

ताणात शेंड्याची वाढ आधी थांबते, पानं मात्र काही दिवस साखर करत राहतात. ती खर्च न होता काडीत, मुळात पिष्ट होऊन साठते आणि पाणी मिळताच पुन्हा साखर होऊन डोळ्यांकडे धावते. थंडी आणि ताण डोळ्याला फुलाकडे वळवतात, पण फूल पोसायला साठा लागतो. अमेरिकेत क्राउस आणि क्रेबिल यांनी 1918 सालीच टोमॅटोवर हे कर्ब-नत्राचं नातं म्हणून मांडलं होतं: साठ्याच्या मानानं नत्र जास्त झालं, तर झाड फळण्याऐवजी नुसतं वाढतं. 2013 मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या अरबिडॉप्सिसवर दाखवलं, की ट्रेहॅलोज-6-फॉस्फेट ही शर्करा कमी पडली तर दिवस अनुकूल असूनही झाड फुलायला फार उशीर करतं. म्हणजे साखर झाडाचं अन्न आहे, तसा निरोपही आहे.

आंब्याला चालतं म्हणून संत्र्यालाही कल्टार ओता, असं सांगणारे आता गावोगाव फिरतात. मला त्यांचा राग येतो. कल्टार फक्त वाढ रोखतं; रिकाम्या काडीत ते पिष्ट भरत नाही. ताणाच्या तोंडावर युरिया टाकणाऱ्यांचाही राग येतो; त्यातल्या नत्रानं साठा नवतीतच खर्च होतो. आणि सर्वांत मोठी नासाडी होते ती भावाची वाट बघत फळं झाडावर ठेवण्यात. व्यापारी तोड लांबवतो, फळ पुढच्या बहराची साखर खात राहतं, आणि त्याचा हिशेब कुठल्याच पट्टीवर येत नाही.

सौदा करताना तोडणीची तारीख लिहून घ्या. पाणी बंद करण्याआधी झाड मोकळं झालं पाहिजे. दोन पैसे कमी आले तरी चालतील.