'उप'

मराठीत 'उप' हा मोठा बिचारा उपसर्ग आहे. उभा राहतो शब्दाच्या पुढे, पण मान सगळा मागच्या शब्दाला! तो नगराला लागला, की नगर वेशीबाहेर जाते. ग्रहाला लागला, की ग्रह दुसऱ्याभोवती फिरू लागतो. आणि सरपंचाला लागला, की त्याची खुर्ची टेबलाच्या कडेला सरकते.

हे मला ठाऊक, कारण माझे मामा कर्जत तालुक्यात उल्हास नदीकाठच्या एका गावचे उपसरपंच होते. सभेत हार त्यांना दुसरा, आणि तोही पातळ. खालापुराहून मी गेलो, की मामी म्हणायची, "यांना काम कसले? सरपंच धडधाकट आहेत, तोवर हे मोकळेच!" मामा हसत, पण त्या हसण्यात हसू नसे.

पुढे 2005 च्या 26 जुलैचा पाऊस आला. सरपंच मुंबईला इस्पितळात आणि नदी गावात. मामांनी रात्रीच शाळेचे कुलूप तोडले, वाडीवरची माणसे आत घेतली आणि स्वतःच्या सहीवर तांदूळ उचलला. "ही सही कोणाच्या हुकमाने?" दुकानदाराने विचारले. मामा म्हणाले, "खुर्ची रिकामी राहत नसते, शेट." सरपंच परतले त्या दिवशी मामा निमूटपणे कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले.

तेव्हापासून दिल्लीतल्या त्या थोर 'उप'कडेही मी निराळ्या नजरेने पाहतो. उपराष्ट्रपतींना वेतन मिळते ते राज्यसभेचे सभापती म्हणून. तिथेही त्यांना मत देता येते, ते दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच! पण 3 मे 1969 रोजी झाकिर हुसेन गेले, आणि त्याच दिवशी व्ही. व्ही. गिरींनी राष्ट्रपतींचे काम हाती घेतले. 1977 च्या फेब्रुवारीत फक्रुद्दीन अली अहमद गेले; पाठोपाठ निवडणूक झाली, सरकार बदलले, आणि जुलैपर्यंत तो सारा भार बी. डी. जत्तींनी वाहिला.

ही निवडणूक आपल्या दाराशी येत नाही. 2022 साली राष्ट्रपती निवडताना आमच्या कर्जतच्या आमदाराच्या मताचे मोल 175 होते. उपराष्ट्रपती निवडताना शून्य! मत फक्त संसदेच्या दोन्ही सभागृहांतल्या सदस्यांना. म्हणजे कर्जत-खालापूरचा आवाज तो मावळच्या खासदाराचा, आणि त्यातही घाटावरची पिंपरी-चिंचवड वाटेकरी. 2002 साली आपले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे या पदासाठी उभे होते. त्यांना 305 मते पडली, भैरोसिंह शेखावतांना 454.

गंमत अशी, की या 'उप'ला घटनेने 'उप' दिलेला नाही. 2025 च्या जुलैत जगदीप धनखड यांनी मध्येच राजीनामा दिला. राज्यसभेचे काम उपसभापतींनी चालवले. पण महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन सप्टेंबरात निवडून येऊन शपथ घेईपर्यंत ते पद रिकामेच राहिले. दुसऱ्याची खुर्ची सांभाळणाऱ्याची खुर्ची सांभाळायला कोणी नव्हते!

आमच्याकडे पेज नदी उल्हासला मिळते. भूगोलात ती उपनदी. पण भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले पाणी घेऊन ती भर वैशाखातही वाहते, आणि खालच्या गावांना उन्हाळ्यात जे पाणी दिसते ते पुष्कळसे तिचेच. नाव मात्र उल्हासचे.

मामा आता नाहीत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सरपंचांची नावे सालवार रंगवली आहेत. उपसरपंचांसाठी रंगाऱ्याने जागा ठेवलेली नाही.