पंधरा डॉलरचा चाकू, सव्वाशे डॉलरचा चाकू

"चाकूवर कोणी लेख लिहितं का?" इति सौ. लिहितं बुवा. नेलकटरवरही लिहिता येईल, फक्त त्यामागे कुणीतरी माणूस असला पाहिजे.

आपल्याकडे खिशातला चाकू म्हटलं की हिंदी सिनेमातला रामपुरी आठवतो. खटकन उघडणारा, आणि उघडला की हिरोइनने किंचाळायचं. सभ्य माणसाच्या घरी विळी असते आणि फार तर आजोबांचा अडकित्ता. इथे पश्चिम पेनसिल्व्हेनियात मात्र रुमाल काढावा तितक्या सहजपणे म्हातारी माणसं खिशातून घडीचा चाकू काढतात, सफरचंद कापतात, खोक्याची दोरी तोडतात आणि परत ठेवून देतात. बऱ्याच जणांकडे तो वडिलांकडून आलेला असतो.

या पारंपरिक चाकूला कुलूप नसतं. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते, ती स्प्रिंगसारखी पात्याच्या बुडाला दाबून धरते. बस, एवढ्या दाबावरच पातं उघडं राहतं आणि मिटलेलंही राहतं. दोन्ही बाजूंना पितळेच्या पातळ पट्ट्या, त्यावर हाडाची किंवा लाकडाची मूठ आणि सगळं पकडून ठेवणाऱ्या तीनचार पिना. स्क्रू नाही. म्हणजे एकदा ठोकून बसवलं की बसवलं, नंतर आवळायची सोय नाही. त्यामुळे बसवणाऱ्याच्या हाताला महत्त्व.

माझ्याकडे असे दोन आहेत. एक चिनी बनावटीचा, १५ डॉलरला घेतलेला. दुसरा इथल्याच टायटसव्हिल गावातल्या ग्रेट ईस्टर्न कटलरीचा, १२५ डॉलरचा. (रुपयांत किती ते आईने कृपया मोजू नये.) टायटसव्हिल म्हणजे जिथे १८५९ साली ड्रेकने तेलाची ती प्रसिद्ध विहीर खणली ते गाव. हा कारखाना मात्र अगदी अलीकडचा, २००६ सालचा. म्हणजे इतर कारखाने बंद पडत असताना यांनी नवीन काढला!

बंद पडत होते हे खरंच. हा धंदा शेफील्डच्या कारागिरांबरोबर अमेरिकेत आला आणि कनेटिकट, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनियात रुजला. न्यूयॉर्क राज्यातला श्रेडचा कारखाना २००४ मध्ये बंद झाला, कॅमिलसचा २००७ मध्ये. श्रेडचं तर नावही विकलं गेलं आणि त्या नावाचे चाकू चीनमध्ये बनू लागले. टिकलेल्या जुन्यांपैकी मोठं नाव म्हणजे ब्रॅडफर्डची केस कंपनी. १९९३ मध्ये ती त्याच गावच्या लायटरवाल्या झिपोने घेतली. किमतीतही ती साधारण मधल्या पायरीवर असते.

तर आमचे बाबा मागच्या वर्षी सहा महिने इथे राहायला आले. बाबांनी पिंपरीच्या एका कारखान्यात ३१ वर्षं टूलरूममध्ये काढली. मी त्यांच्यासमोर दोन्ही चाकू ठेवले, किंमत सांगितली नाही.

बाबांनी आधी चष्मा पुसला. मग एकेक चाकू खिडकीच्या उजेडात धरून फटी बघितल्या. पातं उघडून स्प्रिंगच्या पाठीवरून नख फिरवलं, मिटून पुन्हा फिरवलं. चांगल्या चाकूत ती पाठ दोन्ही वेळा आजूबाजूच्या पितळेशी सपाट लागते, नखाला पायरी जाणवत नाही. मग पातं आडवं हलवून बघितलं. शेवटी कानाशी धरून उघडझाप केली. पातं आपल्या जागी बसताना जो 'टक्' असा स्वच्छ आवाज येतो, त्यावर इथल्या शौकिनांचा फार जीव असतो. बाबांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

"हा चांगला," टायटसव्हिलवाला बाजूला ठेवत म्हणाले. मग दुसरा उचलला. "यात दोन ठिकाणी उजेड दिसतोय. पायरी लागतेय. धार एका बाजूने जास्त घासलीय. पण मूठ बघ, मूठ सुरेख केलीय. करणाऱ्याला काम येतंय रे. त्याला वेळ दिलेला नाही."

मग मी किमती सांगितल्या. मला वाटलं, सव्वाशे ऐकून ओरडतील. ते पंधरा ऐकून गप्प झाले.

"पंधरात दुकानदाराचं, जहाजाचं, पोलादाचं सगळं आलं. मग त्या माणसाच्या हातात काय राहिलं?"

जरा वेळाने आपणहून बोलायला लागले. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत दर पाळीचा आकडा वाढत गेला, माणसं तेवढीच. तपासणीच्या कागदावर सही बाबांची. पूर्वी जे ते परत पाठवायचे, त्यावर आता 'चालेल' असा शेरा मारायचा. "चुकीचं नव्हतं काही. चालतच होतं सगळं. पण शेवटची पाच वर्षं मी 'चालेल' म्हणायचा पगार घेतला." एवढं बोलून चहा मागितला. मी ४३ वर्षांचा आहे आणि हे मला पहिल्यांदा कळत होतं. बाबा त्या काळात घरी आल्यावर कुणाशी बोलायचे नाहीत, तेवढं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी माझ्याकडून बारीक कानस, तेल आणि धारेचा दगड मागवून घेतला. दोन दिवस गॅलरीत बसून पंधरा डॉलरवाला दुरुस्त केला. पायरी घासून काढली, धार दोन्ही बाजूंनी सारखी केली, सांध्यातला कचरा तेलाने धुऊन काढला. फटी तेवढ्या राहिल्या, त्याला इलाज नाही. मग आम्ही दोन्ही चाकूंनी सफरचंद, टोमॅटो, दोरी आणि पुठ्ठा कापून बघितला. प्रामाणिकपणे सांगतो, फरक कळत नव्हता.

पोलादाचं म्हणाल तर स्वस्तवाल्यात ४४० ए आहे. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम, म्हणून लवकर गंजत नाही. महागड्यात १०९५ आहे, सुमारे ०.९५ टक्के कार्बन. धार झकास लागते, पण लिंबू कापून तसाच ठेवला की पातं करडं पडतं आणि पुसला नाही तर गंजतो. म्हणजे महाग घेतला की काळजी कमी, असंही नाही. शिवाय नुसत्या नावावर जाऊ नये, तेच पोलाद तापवून थंड कसं केलं यावर बरंच अवलंबून असतं.

मग वरचे ११० डॉलर कशाचे? माझा हिशोब असा, की कापण्याचे त्यात फार थोडे. बाकीचे कुणीतरी शांतपणे बसून पाठ सपाट होईपर्यंत घासली, त्या वेळेचे. स्वस्त चाकूतही तो वेळ लागतोच, फक्त तो विकत घेणाऱ्याने द्यायचा. ज्याच्याकडे बाबांसारखे हात आहेत त्याला पंधरावाला परवडतो. माझ्यासारख्या की-बोर्ड बडवणाऱ्याने एकतर पैसे द्यावेत, नाहीतर दोन ठिकाणचा उजेड चालवून घ्यावा. दोन्हीत कमीपणा नाही. नवीन कुणाला घ्यायचा असेल तर आधी स्वस्तच घ्या, नख फिरवायला शिका. मग पैसे कशाचे द्यायचे ते तुमचं तुम्हालाच कळेल.

परत जाताना "बाबा, तुम्हाला यातला कुठला हवा?" विचारलं. त्यांनी पंधरावाला घेतला आणि मोठ्या बॅगेत नीट गुंडाळून ठेवला.

"तो दुसरा चांगला आहे रे," म्हणाले, "पण त्यात माझ्यासाठी काही काम उरलेलं नाही."