मामांचा वेगळा पेला

आमच्या सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मुंबई महापालिकेत सफाई कामगार म्हणून तीस वर्षे राबून ते निवृत्त झाले. २०२२ च्या पावसाळ्यात ते रात्री चार-चार वेळा उठू लागले. लघवी अडखळत होई. पण सांगणार कोणाला? मुलाला सांगायची लाज, सुनेची तर गोष्टच नको. "वय झालं," म्हणत त्यांनी वर्ष काढले. शेवटी लघवी तुंबली तेव्हा दवाखाना गाठला.

तेथे पीएसए नावाची रक्ततपासणी झाली. मग सुईने तुकडा काढून तपासला आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ही ग्रंथी पुरुषांनाच असते. मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी. रोग ग्रंथीबाहेर पसरला नव्हता, एवढाच दिलासा.

परळच्या टाटा रुग्णालयात किरणोपचार ठरले. आपल्याकडे त्याला 'शेक' म्हणतात. आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे चार आठवड्यांत वीस शेक. खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून झाला. आमच्या ह्यांची ड्युटी सकाळची, म्हणून विक्रोळीहून मामांना घेऊन मीच जाई.

शेकाआधी पोट साफ हवे आणि मूत्राशय भरलेले हवे. भरलेले मूत्राशय वर सरकते, आतडीही दूर राहतात, त्यामुळे त्यांना किरण कमी लागतात. पोट साफ असले की ग्रंथी जागची हलत नाही. मामा बाकावर बसून मोजून पाणी पीत आणि वाट पाहत. यंत्राखाली काही मिनिटेच निजायचे. दुखत नाही, भाजत नाही. किरणांनी रोगट पेशींच्या आतला धागा तुटतो. चांगल्या पेशी बऱ्याच प्रमाणात सावरतात, रोगट पेशींना ते तितके जमत नाही. म्हणून शेक रोज थोडा थोडा देतात.

तिसऱ्या आठवड्यात लघवीला जळजळ, पातळ जुलाब आणि थकवा सुरू झाला. पुढे कधी शौचातून रक्त जाऊ शकते, पती-पत्नीच्या संबंधावरही परिणाम होऊ शकतो, हे डॉक्टरांनी सासूबाईंना आणि मामांना बसवून आधीच स्पष्ट सांगितले होते.

पण मामांना खरा त्रास झाला तो वेगळाच. चाळीत कोणीतरी म्हणाले, "त्यांच्या अंगातून किरण निघतात, पोराला जवळ जाऊ देऊ नका." मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपला पेला मोरीजवळ वेगळा ठेवला. नातू धावत आला की "लांब राहा रे" म्हणू लागले. गावाकडे लहानपणी ज्या माणसाला वरून पाणी ओतून पाजले, तो आपल्याच घरात आपला पेला वेगळा ठेवतो, हे मला पाहवेना.

मी शेक देणाऱ्या ताईंना विचारले. त्या मामांनाच म्हणाल्या, "बाबा, बटण बंद झालं की किरण बंद. तुमच्या अंगात काही उरत नाही. नातवाला खुशाल मांडीवर घ्या." किरणांचे दाणे ग्रंथीत कायम ठेवण्याचा एक वेगळा उपचार असतो, त्यात काही काळ लहान मुले आणि गरोदर बायकांबाबत डॉक्टर सांगतील तशी काळजी घ्यावी लागते. मामांचा शेक तसा नव्हता.

त्या संध्याकाळी घरी येताच मी तो पेला उचलला, घासला आणि सगळ्यांच्या पेल्यांत मिसळून टाकला. मामा बघत होते. थोड्या वेळाने नातू त्यांच्या मांडीवरच झोपला.

शेक संपून काही आठवड्यांत जळजळ कमी झाली. आता ठरल्या वेळी पीएसए तपासतो. आजवर आकडा ठीक आहे.

बंधूंनो, लघवीचा त्रास म्हणजे कॅन्सरच असे नाही. उतारवयात ग्रंथी साधीही वाढते. पण तपासल्याशिवाय ते कळणार कसे? मामांचे एक वर्ष लाजेत गेले, तुमचे जाऊ देऊ नका. आणि भगिनींनो, घरात असा रुग्ण असेल तर चाळीतल्या गप्पांवर जाऊ नका, डॉक्टरांना विचारा. आजारी माणसाचा पेला वेगळा काढण्याआधी तर नक्कीच विचारा.