गाडी धुऊ नका

प्रिय मुक्ता,



कोइम्बतूरच्या स्पर्धेत तुमच्या कॉलेजच्या टीमनं बनवलेली गाडी बंद पडली याचं वाईट वाटलंच, पण खरी अस्वस्थ झाले ती तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीनं. ‘पोरांचं मन उडालंय आत्या, तू येऊन चार उमेदीचे शब्द बोल.’ हे तू मागावंस? एकेकाळी समजूत काढायला आलेल्या प्रत्येकाला परत पाठवणाऱ्या मुलीनं? मी येईन, पण भाषण करणार नाही. भाषणानं आलेली उमेद वर्कशॉपचं कुलूप उघडेपर्यंतही टिकत नाही. हरणं पोरांना पचतं गं. गाडी का थांबली हे कुणालाच ठाऊक नसणं मात्र त्यांना आतून पोखरतं.

तुझ्या पत्रात निकालावर दोन पानं आहेत आणि बिघाडावर एक वाक्य : ड्रायव्हर बदलल्यावर सेल्फ फिरला, पण इंजिनानं स्टार्ट घेतला नाही. 22 किलोमीटरच्या एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतीत, मधोमध इंजिन बंद करायचं, तीन मिनिटांत ड्रायव्हर बदलायचा आणि तापलेलं इंजिन पुन्हा चालू करायचं. जगभरच्या टीम नेमक्या याच जागी अडकतात. इंजिन थांबलं की त्यातलं पाणी फिरायचं थांबतं, साठलेली उष्णता आजूबाजूला पसरते आणि पेट्रोलच्या नळीत वाफ धरू शकते. किंवा आधीच्या फेऱ्यांत पंखा आणि पंप यांनी बॅटरी इतकी ओढलेली असते की सेल्फ फिरतो, पण रडत फिरतो. तुमचा कसा फिरला? पेट्रोलचा वास आला होता का? थोड्या वेळानं, गार झाल्यावर गाडी चालू झाली का? यातलं तू काहीच लिहिलं नाहीस. एन्ड्युरन्सला सगळ्यांत जास्त गुण, आणि ती अर्धवट राहिली की इंधन-बचतीचेही गुण जातात. म्हणून एका न पेटलेल्या इंजिनानं तुम्हाला यादीत खाली ढकललं. तुमच्या वर्षभराच्या कामाची लायकी त्या यादीवरून ठरवू नकोस.

कार्नेगी मेलनच्या टीमचं बघ. मार्च 2004 मध्ये अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात विनाचालक गाड्यांची पहिली मोठी स्पर्धा झाली. 142 मैलांची वाट एकाही गाडीला पुरी करता आली नाही. सर्वांत पुढे गेली ती यांची ‘सँडस्टॉर्म’, तीही 7.4 मैल. एका वळणावर ती बांधावर पोट टेकून अडकली आणि जागच्या जागी फिरून चाकांचं रबर जळायला लागलं. सगळ्या जगानं ते पाहिलं. त्याच गाडीवर पुन्हा काम करून ती टीम 2005 मध्ये परत आली. सँडस्टॉर्म आणि तिची जोडीदार ‘हायलँडर’ या दोन्ही गाड्या शेवटपर्यंत पोचल्या, पण पहिली आली स्टॅनफर्डची ‘स्टॅन्ली’. 2007 मध्ये शहरी रस्त्यांची स्पर्धा झाली, ती मात्र कार्नेगी मेलनच्या ‘बॉस’नं जिंकली.

तू म्हणशील, कारण सापडलंच नाही तर? रास्त शंका आहे. 2005 मध्ये हायलँडरची ताकद वाटेत कमी झाली होती, आणि तिचं कारण सापडलं थेट 2017 मध्ये : इंजिनाचा कंप्युटर आणि इंजेक्टर यांच्यामधला एक छोटा इलेक्ट्रॉनिक फिल्टर. म्हणजे 2007 ची स्पर्धा त्यांनी कारण न सापडताच जिंकली. याचा अर्थ मी असा घेते की शोध पुरा व्हायलाच हवा असं नाही, तो चालू असला पाहिजे. शोधणाऱ्याला उद्या सकाळी काय तपासायचं ते माहीत असतं. खचलेल्याला तेवढंच माहीत नसतं.

दुसरी शंका तुझ्या मनात नक्की आहे : तपासायला बसलं की बोटं दाखवणं सुरू होईल, वायरिंगवाला रडेल, इंजिनवाला चिडेल. होईलच. पण याचं मूळ तुमच्या टीमच्या फार आधीचं आहे, आणि यावर मी किती वर्षं ओरडते आहे ते तुला माहीत आहे. आपल्याकडे प्रयोगाचं जर्नल सीनिअरच्या जर्नलवरून उतरवतात. रीडिंग वेगळं आलं तर ते खोडून ‘बरोबर’ आकडा लिहितात, वर सुबक समास आखतात आणि सही मिळवतात. शाळेपासून चुकलेलं रीडिंग लपवायला शिकलेल्या मुलांना बंद पडलेली गाडी बघवत नाही, कारण तिचं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. वेगळं आलेलं रीडिंग हाच प्रयोगातला कामाचा भाग, हे ज्या दिवशी आपली कॉलेजं मान्य करतील त्या दिवशी तुला माझ्यासारखीला बोलवावं लागणार नाही. तोवर एक नियम कर : पहिल्या बैठकीत ‘कुणी केलं’ हा प्रश्न बंद. काय दिसलं, काय ऐकू आलं, कशाचा वास आला, एवढंच प्रत्येकानं आपापल्या हातानं लिहायचं, एकमेकांचं न बघता.

आणि हे लवकर कर गं. शेवटच्या वर्षाची पोरं प्लेसमेंट आणि सबमिशनमध्ये अडकलीत, हे खरं; पण जूनमध्ये ती गेली की त्यांनी पाहिलेलं सगळं त्यांच्याबरोबर जाईल आणि पुढची बॅच तिथेच येऊन अडकेल.  त्यांच्याकडे एक संध्याकाळ माग, जास्त नको. कोइम्बतूरहून ट्रक परत आल्यावर गाडी धुऊ नका. तेल कुठे ओघळलंय, कुठली वायर तापून मऊ पडलीय, ते धुऊन जाईल. लॉगरमधला डेटा कुणाच्या लॅपटॉपवर आहे? तो आधी दोन ठिकाणी उतरवून ठेव.

तू नीट झोपतेस ना? पत्रावर रात्रीचे तीन वाजल्याची नोंद होती. दादाला यातलं अजून काही सांगितलेलं दिसत नाही. त्याला कुणा दुसऱ्याकडून कळण्याआधी तू फोन कर. मी शनिवारच्या गाडीनं निघते. लिहिलेले कागद तयार ठेव.

तुझी,
आत्या