मळ राहू द्या

बारक्या वस्तूचा फोटो काढायचा, तर ती आधी घासायची नाही. माझ्या उद्योगातला हा पहिला नियम, आणि गोव्यात पेडण्यातल्या घरांत तोच पाळून घेणं सगळ्यात अवघड. कॅमेरा पिशवीतून निघायच्या आत कुंकवाचा करंडा मोरीकडे निघालेला असतो. "राव गो, चिंचेन घासून दितां," घरातली आजी म्हणते. तिचंही बरोबरच; पाहुणीसमोर मळकी वस्तू कशी ठेवायची? पण मला हवा असतो तो मळच. झाकणाच्या आट्यांत घट्ट बसलेलं कुंकू, अंगठा टेकायच्या जागी उजळलेलं पितळ, बाकी सगळीकडे चढलेली काळपट झाक. चिंच लागली की करंडा नवा होतो आणि तो वापरणारी बाई त्यातून पुसली जाते.

मळावरून गावही कळतं. हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्याकडच्या घरांत खाऱ्या वाऱ्यानं पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. डिचोलीच्या खाणपट्ट्यात वस्तूच्या खोबणीत तांबडी धूळ सापडते. २०१२ साली खाणी थांबल्या, पण टिपर चालवणाऱ्या एकाच्या खिशातल्या वहीत ती अजून आहे. वही तळहाताएवढी, रोजच्या ट्रिपा पेन्सिलीनं मांडलेल्या, शिवणीत बारीक लाल रेघ. मी फोटो काढला तो त्या रेघेचा. आकडे वाचता येतील असा दुसरा फोटो मालकाला नको होता, म्हणून तो काढला नाही.

या कामातली तांत्रिक अडचण अशी. वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या मापाची उमटते, त्याला एकास एक म्हणतात. इतक्या जवळ गेल्यावर कॅमेऱ्याचे सगळे हिशेब बदलतात. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर एफ ८ लावलं तरी स्पष्ट दिसणारा थर जेमतेम १ मिलिमीटरचा. त्याच्या पुढचं-मागचं धूसर. उजेडही चौथा हिस्साच पोचतो. म्हणून ट्रायपॉड आणि टायमर हवा, आणि जुन्या घराच्या माळ्यावर कॅमेरा लावला असेल तर फळ्यांवरून कोणी चालू नये असं सांगावं लागतं. महागडी मॅक्रो लेन्स मात्र लागतेच असं नाही. जुनी ५० मिलिमीटरची लेन्स उलटी बसवायची रिंग स्वस्तात मिळते आणि काम जवळपास तेवढंच होतं. खर्च करायचा तर बंद डब्यावर आणि सिलिका जेलवर करावा. आमच्या पावसाळ्यात लेन्सच्या काचेवर बुरशी धरते.

मिलिमीटर एकच मिळणार, तर तो कुठे खर्चायचा? हे मी ठरवत नाही, मालकाला विचारते. आदोळीचा, म्हणजे नारळ खवायच्या विळीचा, फोटो काढताना मला तिच्या पात्याची गोलाई आवडली होती. घरातल्या वयनीनं मधल्या दातांवर बोट ठेवलं. कडेचे दात शाबूत, मधले बोथट. सासूबाईंनी आयुष्यभर नारळ तिथंच खवला होता. फोकस तिथं गेला आणि गोलाई धूसर झाली.

उजेड नेहमी आडवा घ्यावा. समोरून प्रकाश टाकला की पृष्ठभाग सपाट होतो. खिडकीतून बाजूनं आला की प्रत्येक ओरखड्याला सावली मिळते. डिचोलीची मातीची भांडी नावाजलेली. तिथल्या एका पणतीवर मी असा उजेड घेतला, तर चोचीपाशी कुंभाराच्या अंगठ्याच्या रेषा दिसल्या. ओल्या मातीत उमटलेल्या, भट्टीत पक्क्या झालेल्या. नुसत्या डोळ्यांना तिथं फक्त खळगा होता.

कधी झीज नसणं हीच खूण असते. पेडण्यात एका पत्र्याच्या डबीत ६० सेंतावोचं नाणं मिळालं. पोर्तुगीज राजवटीनं १९५८ मध्ये रुपयाच्या जागी एस्कुदो आणला. १ रुपयाचे ६ एस्कुदो धरले, म्हणून ३० आणि ६० सेंतावो, ३ आणि ६ एस्कुदो अशी अवघड मापांची नाणी निघाली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि थोड्याच काळात ती चलनातून गेली. पुरते हात लागलेच नाहीत, त्यामुळे अक्षरं अजून धारदार. घरातल्या दोघी बहिणींनी त्याच्या दोन हकिकती सांगितल्या. एक म्हणाली, आईच्या शेवटच्या मजुरीतलं. दुसरी म्हणाली, बाबांनी म्हापशाच्या बाजारातून आणलेलं. फोटो यातली कुठलीही खरी ठरवू शकत नाही. मी दोन्ही लिहून घेतल्या.

ही वाट माझ्याआधी अनेकांनी चालली आहे. जपानच्या इशिउची मियाको यांनी आईच्या मृत्यूनंतर तिच्या वापरलेल्या लिपस्टिक आणि अंतर्वस्त्रं यांचे फोटो काढले. २००५ च्या व्हेनिस बिएनालेत ते जपानच्या दालनात मांडले गेले. आंचल मल्होत्रा यांनी फाळणीत सीमेपार नेलेल्या घरगुती वस्तूंवर २०१७ मध्ये अख्खं पुस्तक केलं. गोव्यात बाणावलीच्या ‘गोवा चित्र’ संग्रहालयात व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी शेतीची आणि घरातली हजारो अवजारं जमवली. तिथं वस्तू वाचते, ही मोठीच गोष्ट. पण प्रत्येक करंडा संग्रहालयात जाणार नाही, जायचीही गरज नाही. तो देव्हाऱ्यापाशीच राहावा, वापरात राहावा. फोटोचं काम एवढंच की झीज आणि तिची हकिकत एकमेकींपासून तुटू नयेत. हकिकतीवाचून मॅक्रो फोटो म्हणजे नुसती नक्षी. कुठल्याही गावातल्या कुठल्याही पितळेची.

तेव्हा चवथीच्या साफसफाईत समया, डब्या, करंडे खाली काढाल, तेव्हा एक दुपार त्यांना द्या. फोनही चालेल, वस्तू खिडकीपाशी ठेवा, उजेड बाजूनं घ्या. आणि ती कोणाची, कोणी दिली, कशाला वापरली हे त्याच दिवशी लिहून ठेवा. लिहिताना घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला शेजारी बसवा, आणि दोघांचं सांगणं जुळलं नाही तर दोन्ही लिहा.